गप्प केलेला पोर्ट

"...आणि एवढं सगळं लिहून पाठवल्यावरही तुम्ही परत तेच विचारता, याला काय म्हणायचं?"

निषाद कळसकर दारात उभा राहूनच हे बोलला. चपला काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

दार उघडलं होतं मगदूमबाईंनी. मिरजेच्या एका तंत्रनिकेतनात त्यांनी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या आणि कुणा एकाच्या मालकीची नसलेल्या एका ऑपरेटिंग सिस्टिमचा एक कोपरा त्या सांभाळत. छोट्या सर्किट बोर्डांवरच्या यूएसबीचे ड्रायव्हर. बाईंनी तपासून हो म्हटल्याशिवाय त्या कोपऱ्यात एक ओळही जात नसे.

त्यांनी निषादला आत बोलावलं. पाणी दिलं.

तो प्यायला नाही.

ड्रायव्हर म्हणजे एक दुभाष्या. चिपची भाषा प्रोग्रॅमला कळत नाही आणि प्रोग्रॅमची चिपला. पुण्यातल्या आपल्या कंपनीच्या नव्या बोर्डासाठी निषादने असा एक दुभाष्या लिहिला होता. तो बोर्ड रुग्णाच्या उशाशी ठेवायच्या मॉनिटरमध्ये बसणार होता. बोटाला एक चिमटा लावायचा, त्याची केबल मॉनिटरच्या यूएसबीत खोचायची, की रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा पडद्यावर दिसू लागतो. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यांनाही परवडेल असं ते मॉनिटर होतं. निषादला त्याचा अभिमान होता, आणि त्यात काही चूक नव्हती.

पण मॉनिटर विकत घेणाऱ्यांनी एक अट घातली होती. ड्रायव्हर आधी त्या सार्वजनिक सिस्टिममध्ये स्वीकारला गेला पाहिजे.

आणि तो अडला होता एका ओळीवर.

यूएसबीच्या पोर्टला काही जोडलं किंवा त्यातून काही निघालं, की त्यावर लक्ष ठेवणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, इशारा देते. निषादच्या बोर्डावर हा इशारा सारखाच येत राहायचा. केबलला कुणी हातही लावलेला नसताना. मग बोर्ड त्या इशाऱ्यांमागे धावायचा आणि पडद्यावरचा आकडा अडखळायचा. निषादने एक ओळ लिहून तो इशाराच बंद करून टाकला. सुरू होताना एकदा बघायचं काय जोडलंय ते, पुढे कान मिटून घ्यायचे. आकडा अडखळायचा थांबला.

बाईंनी त्या ओळीखाली लिहिलं होतं, 'ही ओळ का?'

त्याने लांबलचक उत्तर लिहिलं. आलेख जोडले.

बाईंनी लिहिलं, 'ही ओळ का?'

हे असं उन्हाळाभर चाललं. आता तो समोर बसून ते सगळं बोलून टाकत होता. हे नुसतं नाकारणं नाही, हा अपमान आहे. सगळं जग वाचतं तिथे तुम्ही मला शाळेतल्या पोरासारखं उभं करता. ऑफिसात चहाच्या मशीनपाशी मुलं एकमेकांना 'ही ओळ का?' विचारून हसतात. तुमच्याकडे वेळच वेळ आहे, आमच्याकडे नाही. काम कधी सोपवायचं याची तारीख तुम्हाला कुणी विचारत नाही. शिकवायची सवय जात नसेल तर विद्यार्थ्यांना शिकवा, मी इंजिनिअर आहे.

बाई ऐकत राहिल्या.

त्याचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बोर्ड आणलायस?"

आणला होता. त्याच्या पिशवीत सगळं होतं. त्याने टेबलावर बोर्ड मांडला, छोटा पडदा जोडला, केबल खोचली. चिमटा स्वतःच्या बोटाला लावला.

पडद्यावर आकडा उमटला. अठ्ठ्याण्णव.

तो कुठे अडखळत नव्हता.

"छान चालतंय," बाई म्हणाल्या. ते त्यांनी मनापासून म्हटलं.

मग त्यांनी हात पुढे केला आणि केबल उपसून काढली.

अठ्ठ्याण्णव.

बाईंनी त्याच्या बोटावरचा चिमटा काढला. टेबलावर त्या दिवशीचा पेपर घडी घालून ठेवला होता. चिमटा त्यांनी त्या घडीला लावला. केबलचं टोक टेबलाखाली लोंबकळत होतं.

अठ्ठ्याण्णव.

...

निषाद उसळला. हा काय पोरखेळ आहे, म्हणाला. हे ड्रायव्हरचं काम नव्हेच. आकडा ताजा आहे की शिळा, हे वरच्या प्रोग्रॅमने पाहायचं. आणि मुळात चालू मॉनिटरची केबल काढतं कोण?

"पेशंट कूस बदलतो," बाई म्हणाल्या.

मग पहिला मुद्दा त्याने पुन्हा लावून धरला. प्रोग्रॅमने बघायला हवं.

"प्रोग्रॅमने तुझ्याकडे नवा आकडा मागितला. तू काय सांगितलंस?"

"काहीच नाही."

"'आकडा नाही' असं तरी सांगितलंस?"

"...नाही."

"मग तो अजून वाट बघतोय."

निषादने पडद्याकडे पाहिलं. पण राग गेला नव्हता. उलट वाढलाच. हे एवढंच होतं तर चार वाक्यांत लिहून का नाही कळवलं, असं त्याने विचारलं. उन्हाळाभर मला का झुलवलंत? माझी चूक तुम्हाला पहिल्या दिवशी दिसली होती ना?

"दिसली होती."

"मग सांगायचंत."

"सांगितलं असतं, तर तू ओळ काढली असतीस."

"मग?"

"काढली असतीस. एवढंच."

याचा अर्थ काय, ते त्याने विचारलं नाही. लॅपटॉप उघडून त्याने ती ओळ खोडली. ड्रायव्हर पुन्हा तयार करून बोर्डावर चढवला, केबल खोचली आणि चिमटा बोटाला लावला.

लॅपटॉपवर इशारे धडाधड येऊ लागले. जोडलं, निघालं, जोडलं, निघालं. आकडा येत होता, जात होता. निषाद म्हणाला, बघा, हाच तो कचरा. यासाठीच मी याचं तोंड बंद केलं होतं.

तो इशाऱ्यांकडे बघत बसला. बघता बघता त्याने बोर्डावरचा सॉकेट दोन बोटांत धरला आणि खोचलेली केबल हलकेच दाबली.

इशारे थांबले.

बोटं सोडली. पुन्हा सुरू.

त्याने पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा सोडून पाहिलं. सॉकेट ढिला होता. केबल खोचलेली असतानाही आतली पाती एकमेकांना धड टेकत नव्हती. केबल खरोखरच निघत होती आणि खरोखरच जोडली जात होती, डोळ्यांना दिसणार नाही इतक्या थोड्या वेळासाठी. पोर्ट दर वेळी खरं तेच सांगत होता.

हा सॉकेट कुणी निवडला, ते निषादला माहीत होतं. त्याचे वरिष्ठ लोहोकरे. स्वस्त पडतो म्हणून.

तो उठून गॅलरीत गेला आणि त्याने लोहोकऱ्यांना फोन लावला.

लोहोकरे खुशीत होते. त्यांनी त्याला बोलूच दिलं नाही. घेणाऱ्यांनी ती अट काढून टाकली होती, आजच सकाळी. आता मिरजेच्या बाईंच्या होकाराची गरज नाही. पुण्याला परत ये, याच आठवड्यात खोकी भरायची आहेत.

निषादने त्यांना आकड्याबद्दल सांगितलं. केबल निघाली तरी अठ्ठ्याण्णव दिसत राहतं. चिमटा मी पेपरला लावून पाहिलाय.

लोहोकरे म्हणाले, स्टिकर लावू. 'केबल काढू नये.'

निषाद म्हणाला, केबल कुणी काढायची गरजच नाही, सॉकेट ढिला आहे, ती आपोआप निघते. पेशंटने नुसता हात हलवला तरी पुरे.

तेव्हा लोहोकऱ्यांचा आवाज थंड झाला. हे इशारे म्हणजे कचरा आहे असं मीटिंगमध्ये कोण म्हणालं होतं? तूच ना? सगळ्यांसमोर पडद्यावर दाखवून म्हणालास. आता बोर्ड बदलायचा म्हणजे वर्ष जाईल. तू येणार नसशील तर दुसरा कुणीही ते मॉनिटर पाठवेल. तुझा ड्रायव्हर आमच्याकडे आहे आणि तो चालतोय.

फोन ठेवला गेला.

निषाद आत आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याने बाईंना सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज चढत गेला. ही चूक नाही, म्हणाला, चूक माहीत नसते तोवरच चूक असते. आता हा खोटेपणा आहे. एखादी सिस्टर लांबूनच पडद्याकडे बघेल, अठ्ठ्याण्णव दिसलं की पुढच्या खाटेकडे जाईल. इकडे चिमटा पांघरुणात पडलेला असेल. माणूस तिथे गुदमरत असेल आणि आपलं मॉनिटर सांगत असेल, सगळं ठीक आहे. यांना झोप कशी लागते?

मग त्याने बाईंना विनवलं. तुम्ही लिहा. या कामात तुमचा शब्द जगभर मानतात. हे मॉनिटर वापरू नका, एवढं एक वाक्य तुम्ही घेणाऱ्यांना लिहिलंत तर ते थांबतील.

"ड्रायव्हर माझा नाही," बाई म्हणाल्या.

निषादला ते खरं वाटेना. सकाळपासून त्याला या बाईंचा राग आला होता, पण त्या भित्र्या असतील असं त्याच्या मनात आलं नव्हतं. त्याने ते बोलूनही दाखवलं. एका ओळीसाठी उन्हाळाभर अडून बसता, आणि माणसं मरायची वेळ आली की ड्रायव्हर माझा नाही?

बाईंनी पेपरच्या घडीवरच्या चुण्या हाताने सारख्या केल्या.

"ठीक आहे, मीच लिहितो."

तो लॅपटॉप पुढे ओढून लिहू लागला. घेणाऱ्यांना, आणि बाईंचे प्रश्न यायचे त्याच सार्वजनिक ई-मेल यादीवर, जिथे सगळं जग वाचतं. बोटं कळांवर आपटत होती. लोहोकऱ्यांनी काय केलं. लोहोकरे फोनवर काय म्हणाले. सॉकेट कसा निवडला गेला, तेव्हा मीटिंगमध्ये कोण कोण होतं आणि कुणी माना डोलावल्या. हे लोक कसे माणसांच्या जिवावर उठलेत. परिच्छेदामागून परिच्छेद उतरत होते.

बाई उठून त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं.

त्या सगळ्या मजकुरात लोहोकरे होते, सॉकेट होता, कंपनी होती. निषादची ओळ कुठेच नव्हती.

तो मजकूर कधीच कुणाला गेला नाही. गेलं ते दुसरं पत्र, पुष्कळ लहान, आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, 'हा ड्रायव्हर मी लिहिला आहे आणि तो खोटं सांगतो.' त्या पत्रामुळे खोकी गोदामातच राहिली. पुढे बोर्डावरचा सॉकेट बदलला. निषादची नोकरी गेली, आणि चहाच्या मशीनपाशी हसणाऱ्यांपैकी एकानेही बरेच महिने त्याला फोन केला नाही.

पण ते नंतरचं. तेव्हा त्या टेबलापाशी बाईंनी मागून हात पुढे केला आणि तो लिहीत असतानाच लॅपटॉप मिटून टाकला.

निषादने बोटं कशीबशी बाहेर काढली. तो वळून त्यांच्याकडे पाहू लागला.

"राग कुणाचा आलाय?" बाईंनी विचारलं.

"लोहोकऱ्यांचा."

बाई उभ्याच होत्या.

"...तुमचाही. आल्यापासून."

बाईंनी मिटलेल्या लॅपटॉपवरचा हात काढला नाही.

"आणि..." तो म्हणाला.

बोर्ड अजून चालू होता. पडदा उजळत होता, विझत होता.

"...आणि..."

पुढचं नाव त्याच्या तोंडून निघेना. डोळे भरून आले होते आणि ते पुसायला तो हात उचलत नव्हता. शेवटी म्हणाला, "सांगता येत नाही, बाई."

बाईंनी लॅपटॉप उघडून त्याच्यापुढे सरकवला.

"मग आता लिही."