आत्याबाईंनी हरवलेलं नाव

एका राज्यात, फार दूरच्या आणि नकाशात न सापडणाऱ्या, सगळे लोक हुशार होते, आणि आपली हुशारी कमरेला बांधून हिंडत होते. ती कशी, ते आधी सांगतो.

सात वर्षांमागे डोंगरावरच्या धूम्रकेश नावाच्या मायावी पुरुषाने दसऱ्याला माणशी एकेक शिंपला वाटला. शिंपला तोंडाशी धरावा आणि लक्षात ठेवायचं ते सांगावं. मग हवं तेव्हा कानाशी धरावा, की तो तेच शब्द परत ऐकवी. सांगितलेलं सगळं डोंगरावरच्या एका महाशंखात साठे. झालं, लोकांना काय, सोन्याचा दिवस उगवला. सुनांनी पुरणाचं प्रमाण शिंपल्यात ठेवलं, वैद्यांनी मुळ्यांची नावं ठेवली, जावयांनी सासुरवाडीची वाट ठेवली. प्रधानजी तर रोज सकाळी शिंपल्याला विचारत, की काल मी कोणावर रागावलो होतो. उत्तर आलं, की त्या माणसाकडे जाऊन पुन्हा पहिल्यापासून रागवत.

त्या राज्याचा राजा सुबाहू. त्याची राणी कुमुद्वती हिला मुलगी झाली. आता त्या घराण्याची एक रीत होती. मुलाचं नाव आईला स्वप्नात येई. स्वप्नातलं नाव तोंड धुवेपर्यंत टिकत नाही, म्हणून आई डोळे उघडताच ते नणंदेच्या कानात सांगे. नणंदेने ते बारशापर्यंत आपल्या डोक्यात सांभाळायचं आणि बाराव्या दिवशी आत्या म्हणून बाळाच्या कानात घालायचं. दुसरं कोणतंही नाव त्या घरच्या मुलाला चिकटत नसे. बाराव्या दिवशी नाव मिळालं नाही, तर मूल घडीघडीने हलकं होई आणि तिसऱ्या दिवशी सूर्य मावळताना म्हातारीच्या कापसागत उडून जाई.

राजाची थोरली बहीण चंपावती राणीच्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाई प्रेमळ, पण जिभेला धार. राणीने नाव सांगितलं तशी तिला धास्ती बसली. एवढं मोलाचं नाव, आणि ते या भोकं पडलेल्या डोक्यात ठेवायचं? तिने लगोलग ते शिंपल्यात सांगून टाकलं आणि निर्धास्त झाली.

बारशाच्या दिवशी पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, गावच्या बायका जमल्या. आत्याबाईंनी शिंपला कानाशी धरला. शिंपला गप्प. झटकून पाहिला, फुंकून पाहिला. मग इतर बायकांनी आपापले शिंपले काढले, तर तेही मुके.

"वन्सं, नाव सांगा ना," राणी म्हणाली.

"मला ठाऊक नाही," चंपावती म्हणाली.

बायकांनी घाईघाईने सतरा नावं ठेवून पाहिली. एकही चिकटलं नाही. दुपारपर्यंत बाळ अंथरुणापासून चार बोटं वर तरंगू लागलं, तेव्हा राणीने त्याला आपल्या शेल्याने पाळण्याशी बांधलं. ती रडली नाही, नणंदेला बोललीही नाही. तेच चंपावतीला फार लागलं.

"आक्कासाहेब, मी फौज पाठवतो," राजा म्हणाला.

"महाराज, फौजेला वाट शिंपलाच सांगत होता. नाव मी हरवलं, मीच आणते."

वाड्यामागच्या फणसाच्या झाडावर एक साळुंकी होती. ती बोले, आणि खरं तेच बोले, म्हणून तिला दरबारात कोणी बोलावत नसे. ती म्हणाली, "मी वाट दाखवते. डोंगरावर तीन दारं आहेत. प्रत्येक दार एक आठवण मागेल. शिंपल्याला सांगितलेली चालणार नाही."

"माझ्याकडे शिंपल्याबाहेर काय उरलंय, कोण जाणे," चंपावती म्हणाली, आणि निघाली.

दोन दिवस चालून तिसऱ्या दिवशी दुपारी ती पहिल्या दाराशी पोचली. दार लाकडाचं होतं. ते म्हणालं, "बिनउपयोगाची एक आठवण दे."

आत्याबाईंनी विचार केला. उपयोगाचं सगळं शिंपल्यात गेलं होतं. बिनउपयोगाचं तिथे ठेवण्याइतका वेळ कोणाला होता? "माझ्या वडिलांच्या पागोट्याला कापराचा आणि घोड्याचा मिळून वास येई," ती म्हणाली. दार उघडलं.

दुसरं दार दगडाचं. ते म्हणालं, "जिची लाज वाटते अशी दे."

"सोंगट्या खेळताना मी फासा बोटाने उलटा केला. मार धाकट्या भावाने खाल्ला. तो आज राजा आहे आणि त्याला अजून पत्ता नाही." दगडाला हसू आलं असावं, कारण ते थरथरत उघडलं.

तिसरं दार नुसत्या धुक्याचं होतं. ते म्हणालं, "जी दुखते ती दे."

चंपावतीने पदर खांद्याभोवती घट्ट ओढून घेतला. मग म्हणाली, "मला एक मुलगी झाली होती. दोन दिवस जगली. तिला सारख्या उचक्या लागत. बारशापर्यंत ती पोचलीच नाही." वीस वर्षांत ही गोष्ट तिने कोणालाही सांगितली नव्हती. तिला रडू आलं, आणि रडताना बरंही वाटलं. धुकं बाजूला झालं.

आत हत्तीएवढा महाशंख होता. त्याच्यासमोर विझलेल्या चुलीपाशी, एका घोंगड्यावर, दाढीत शेवेचे तुकडे अडकलेला एक म्हातारा कपाळाला हात लावून बसला होता. तोच धूम्रकेश.

"शंख मुका का झाला?" चंपावतीने विचारलं.

"मीच मंत्र टाकून त्याचं तोंड बंद केलं, बाई. सात वर्षं साऱ्या राज्याची बडबड ऐकली. कान किटले माझे."

"मग आता मंत्र म्हणा आणि उघडा."

"आठवत नाही," तो ओशाळून म्हणाला. "विसरू नये म्हणून शंखातच ठेवला होता."

आत्याबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की साळुंकीने पंखात तोंड खुपसलं. पण रागवायला वेळ नव्हता. घरात किल्ली हरवली की जे करतात, ते तिने केलं. ती त्याच्यापुढे बसली.

"बंद केलात तेव्हा कुठे होतात?"

"इथेच. चुलीपाशी."

"चुलीवर काय होतं?"

"आमटी. मी चव घेतली... आणि म्हटलं, कोणाला सुचणार नाही असा मंत्र हवा." धूम्रकेश हळूहळू उठून उभा राहिला. "आमटी पुन्हा खारट झाली," तो म्हणाला.

महाशंखाचं तोंड उघडलं, आणि सात वर्षांचं बोलणं एकदम बाहेर पडलं. पुरणाची प्रमाणं, मुळ्यांची नावं, सासुरवाडीच्या वाटा, प्रधानजींचे राग, सगळं एकात एक. चंपावतीने कान लावला, पण त्या कल्लोळात एक नाव कुठलं सापडायला?

"माझं तेवढं काढून द्या," ती म्हणाली.

"ओळीने ऐकलं तर सापडेल. सात वर्षं लागतील."

सूर्य डोंगराच्या कडेपासून हातभर वर होता. चंपावतीने सूर्याकडे पाहिलं. "ती पोर माझ्यामुळे जाणार," ती म्हणाली. "शिंपल्याने माझ्या डोक्यातलं नाव पुसून टाकलं."

"पुसलं?" धूम्रकेशाला खरोखर नवल वाटलं. "शिंपला ऐकतो, बाई. घेऊन जात नाही. तुमचं तुमच्याकडेच राहतं. तुम्ही लोकांनीच तिकडे बघायचं सोडलं."

चंपावतीला आधी त्याचा संताप आला, मग स्वतःचा आला. मग तिने डोळे मिटले आणि म्हाताऱ्याला विचारलं तसंच स्वतःला विचारू लागली. कुठे होते मी? राणीच्या बिछान्यापाशी. हातात काय होतं? दुधाचा पेला, आणि बोट पोळत होतं. ती कशी दिसत होती? गालावर उशीची वळी, एक वेणी सुटलेली. तिने माझा कान धरून मला खाली ओढलं. दूध सांडलं. ती हसली. आणि हसता हसता म्हणाली...

मांजर आपल्या मनाने मांडीवर येऊन बसावं, तसं ते नाव आलं. चंपावतीने ते कोणाला सांगितलं नाही. ओठ घट्ट मिटून ती उठली.

"माझं घोंगडं उडतं," धूम्रकेश म्हणाला. "कुठे ठेवलंय, तेवढं मात्र..."

चंपावतीने ते त्याच्या पायाखालून ओढलं.

घोंगडं वाड्याच्या गच्चीवर उतरलं, तेव्हा सूर्याची नुसती कोर उरली होती. शेल्याच्या गाठी सुटत आल्या होत्या, आणि राणी दोन्ही हातांनी बाळाला खाली धरून उभी होती. पाळण्यावर वाकून आत्याबाईंनी बाळाच्या कानाशी "कुर्र" केलं आणि नाव सांगितलं. बाळ गादीत मऊसं रुतलं. मग ते मोठ्याने रडू लागलं.

"वन्सं, जड झाली हो माझी पोर," राणी म्हणाली, आणि तीन दिवस न आलेलं रडू तिला आता आलं.

"केतकी," आत्याबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. रीतीप्रमाणे जमलेल्या बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. काही धपाटे रीतीपेक्षा जोरात बसले, आणि आत्याबाईंनी ते मुकाट्याने घेतले.

त्या राज्यातले शिंपले पुढे चटणी वाढायला कामी आले. पुरण कधी बिघडे, जावई कधी भलत्याच घरी जेवून येत, पण त्याचं कोणाला फार वाटत नसे. माझ्या तोंडची कहाणी आता तुमच्याकडे आली. कुठे उतरवून ठेवू नका. उद्या कोणाला तरी सांगा, थोडी चुकली तरी चालेल.