परत आलेली घोडी

तुळाजी चाबुकस्वार पोलोसाठी घोडे शिकवून विकायचा. विकताना शब्द द्यायचा, “खोड निघाली तर परत घेईन.”

एकदा भर मैदानात सरदार आनंदराव त्याच्यावर गरजले, “लबाडा! लगाम ओढला की घोडी उधळते. खोडीचं जनावर माझ्या गळ्यात मारलंस!”

घोडीच्या फाटलेल्या ओठांतून रक्त ठिबकत होतं. ते पाहून तुळाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं लगाम काढून फेकला, तिच्या गळ्यात नुसती दोरी अडकवली आणि मांड ठोकली. घोडी भरधाव सुटली आणि दोरी जराशी हलताच जागच्या जागी थांबली.

“शब्द दिलायस! घे परत!” सरदार गुरगुरले.

“घोडी नेतो, सरकार. खोड तुमच्या मुठीत आहे. ती मी विकलीच नव्हती, परत कशी घेऊ?”