रुसलेलं गाठोडं

पांघरुणं घ्या. चिनू, पाय आत. रेवा, तू भिंतीकडे तोंड करून पडली आहेस तशीच पड, पण कान इकडे ठेव. तुमची आजी आज रागावली आहे. जुन्या बाजारात कपड्यांच्या ढिगाशेजारी उभी राहून, तो जांभळा फ्रॉक बघून, त्या विकणाऱ्या बाईच्या तोंडावर तू "शी, उतरलेलं!" म्हणालीस, ते मी विसरलेले नाही. गोष्ट रोज सांगते तशी आजही सांगणार, पण रागातच सांगणार. पटलं तर ऐका, नाहीतर झोपा.

एक होता राजा. राज्य मोठं होतं आणि अक्कल लहान. असे लोक असतात, बरं का, आणि नेमकं त्यांच्याच हातात सगळं असतं. हा राजा एक कपडा एकदाच घालायचा. सकाळी अंगरखा चढवला की संध्याकाळी तो चुलीत. म्हणे राजाच्या अंगावरचं कापड दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागता कामा नये. सगळा राजवाडा तसाच वागायचा. राणी तशी, प्रधान तसा, आठ वर्षांची राजकन्या पोवळी तशीच.

एकदा काय झालं, राजा रथातून चालला होता. रस्त्यात त्याला एक बाई दिसली. तिच्या लुगड्याला ठिगळ होतं. झालं, राजाच्या डोळ्यांना ते ठिगळ टोचलं. बाई जेवली आहे का, हे नाही विचारलं. ठिगळ का लावलं, हे नाही विचारलं. घरी आला आणि दवंडी पिटवली. आजपासून राज्यात कुणी जुनं घालायचं नाही. दुसऱ्याचं उतरलेलं अंगाला लावायचं नाही. दर अमावास्येला घरातलं सगळं जुनं चौकात आणून जाळायचं आणि नवं विकत घ्यायचं. ते कशानं घ्यायचं, हे दवंडीत नव्हतं.

मग चौकाचौकात जाळ झाले. लोकांनी धोतरं जाळली, चोळ्या जाळल्या. आजीच्या, पणजीच्या लुगड्यांच्या गोधड्या होत्या, त्यासुद्धा जाळल्या. नवं घ्यायला कुणी शेळी विकली, कुणी भांडी विकली. धोब्यांचं काम गेलं, रफूवाल्यांचं गेलं. कापडाचे व्यापारी तेवढे गलेलठ्ठ झाले आणि राजाला हार घालून गेले. मला तर तो हार आठवला तरी संताप येतो.

आता त्या राज्यात कंकू नावाची एक बोहारीण होती. चिनू, बोहारीण म्हणजे काय, ठाऊक आहे ना? डोक्यावर टोपली घेऊन दारोदार जायचं, जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात भांडं द्यायचं. मग ते कपडे धुवायचे, टाके घालायचे, आणि ज्याला नवं परवडत नाही त्याला विकायचे. राजाच्या शिपायांनी तिची टोपली लाथेनं उडवली. घरातलं होतं नव्हतं ते कापड चौकात नेलं. पण एक गाठोडं तिनं धान्याच्या कणगीत लपवलं होतं, ते त्यांना सापडलं नाही. तेवढं वाचलं.

आणि मग नवल घडलं. राज्यातलं कापड रुसलं! खरंच सांगते. मागावरून उतरलेलं नवं कापड पापडासारखं ताठ. धुवा, आपटा, रात्रभर भिजत घाला, मऊ व्हायला तयारच नाही. मी म्हणते, का व्हावं? महिन्याभरात तुम्ही त्याला जाळणारच, मग त्यानं तुमच्यासाठी मऊ कशाला व्हायचं? मी कापड असते तर मीपण तेच केलं असतं.

अशात ऐन थंडीत राणीला बाळ झालं. मुलगा झाला. तोफा झाल्या, साखर वाटली. आणि सुईण म्हणाली, "जुनं झबलं आणा."

कारण बाळाला पहिल्यांदा नवं घालत नाहीत. हे सगळ्या घरांत ठाऊक असतं. दुसऱ्या बाळानं घातलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं झबलंच घालतात. नव्या कातडीला नवं कापड सोसत नाही. पण राजवाड्यात जुनं आणायचं कुठून? एक चिंधी नव्हती. दासी गावात धावल्या, तर गावातही नव्हती. सगळ्याची राख झालेली.

मग बाळाला नवं रेशीम गुंडाळलं. त्या ताठ कापडानं त्याचं अंग खरचटलं, लाल झालं. बाळ किंचाळायला लागलं. कापड काढलं, तर थंडीनं ओठ निळे पडायला लागले. घालावं तर ओरखडे, काढावं तर गारठा. बाळ दूध पिईना. सुईण राजाला तोंडावर म्हणाली, "महाराज, दोन दिवस कसेबसे निघतील. पुढचं मी सांगत नाही. जुनं कापड असलंच तर त्या कंकूकडे असेल."

मग प्रधान निघाला. पालखीतून उतरला, कंकूच्या दारात मोहरांची थैली फेकली आणि म्हणाला, "ए बाई, यात शंभर मोहरा आहेत. जुनं काढ."

कंकू म्हणाली, "पैसं उचला आदी. लेकरू रडतंय न्हवं? मी तसंच दिलं असतं." आणि तिनं कणगीतून गाठोडं काढलं. गाठ सोडायला गेली, तर गाठ सुटेना! गाठोडंपण रुसलं होतं. प्रधानानं हात घातला, तशी गाठ आणखी आवळली. त्याचं नख तुटलं आणि तो बोंबलत परत गेला.

मग राजा स्वतः आला. तलवार उपसून म्हणाला, "गाठ सुटत नसेल तर कापतो." एक घाव घातला, दुसरा घातला. तलवारीची धार वळली, गाठोड्याचा एक दोरासुद्धा तुटला नाही.

तेव्हा कंकूला राग आवरेना. ती राजाला म्हणाली, "महाराज, माझ्या नातीची दुपटी तुमच्या शिपायांनी जाळली. ती तवापासून थंडीनं खोकतीय, ऐका. ऐकू येतंय का?" आतून खोकल्याचा आवाज आला. राजानं मान खाली घातली. घालायलाच हवी होती. पण मान खाली घातल्यानं गाठ काही सुटली नाही.

आता राहिली पोवळी. ती आईजवळ बसून भावाचं रडणं ऐकत होती. दुपारपर्यंत त्याचा आवाज बसला. नुसतं तोंड उघडायचं, रडू बाहेर यायचं नाही. पोवळीला ते बघवेना. ती उठली, राजानं खेळायला दिलेली एक मोहर मुठीत घेतली आणि चालत कंकूच्या घरी गेली. पालखी नाही, दासी नाही.

"मावशी," ती म्हणाली, "मला माझ्या भावासाठी झबलं विकत हवंय."

'मावशी' म्हणाली, बरं का रेवा. 'ए बाई' नाही. गाठ जराशी हलली. पण मोहर पुढे केली तशी पुन्हा आवळली.

कंकूनं विचारलं, "ही मोहर कुणाची गं?"

"बाबांची."

"त्यांनी कुठनं आणली?"

"खजिन्यातून."

"आन खजिन्यात कुठनं आली?"

पोवळीला कुणी सांगितलंच नव्हतं! आठ वर्षांची घोडी झाली, अंगावर रोज नवा परकर, आणि पैसा कुठून येतो ते ठाऊक नाही. तिचा दोष नाही म्हणा. घरातली मोठी माणसं काय करत होती?

कंकू म्हणाली, "चल. आजचा अर्धा दिस हाय, उद्याचा सगळा हाय. तेवढ्यात व्हईल."

मग कंकूनं तिला कपाशीच्या शेतात नेलं. तिथं बायका कापूस वेचत होत्या. पोवळीनं ओटी खोचली आणि वेचायला लागली. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं सोलली. कंबर मोडली. उन्हानं डोळे चुरचुरले. पण भावाचं ते उघडं तोंड डोळ्यांपुढे होतं, म्हणून ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, उन्हं कलेपर्यंत वेचत राहिली. मग शेतवाल्यानं तिच्या हातावर एक ढब्बू पैसा ठेवला. तांब्याचा, जाडजूड, काळपट.

"एवढाच?" पोवळी म्हणाली.

शेजारच्या बाईनं कपाळ पुसलं. "आमालाबी एवढाच देतात, बाय."

मग पोवळीनं आपल्या परकराकडे पाहिलं. त्या बाईला विचारलं, "याला किती दिवस लागत असतील?" बाईनं जरीचं काम पाहिलं, काठ पाहिला. म्हणाली, "वेचायचं, पिंजायचं, सूत काढायचं, विणायचं, रंगवायचं. सगळ्यांचं मिळून धर वरीसभर." आणि तो परकर त्याच संध्याकाळी चुलीत जायचा होता. पोवळीला आधी रडू आलं. मग राग आला. चांगला राग होता तो. तसा राग सगळ्यांना यायला हवा, पण येत नाही.

ती धावत कंकूकडे गेली. ढब्बू पैसा पुढे केला. "मावशी, हा माझा आहे."

आणि गाठ आपोआप सुटली.

कंकू म्हणाली, "आता निवड. पर बघून निवड, डोळं झाकून न्हाई."

वरच लाल मखमलीचं कुंची-अंगडं होतं, टिकल्या लावलेलं. पोवळीचा हात तिकडे गेला. कंकू म्हणाली, "उलटं कर." उलटं केलं, तर आतून टाके टोचरे. "उजेडात धर." धरलं, तर काखेत विरलेलं. खाली एक पांढरं झबलं होतं, पिवळट पडलेलं. पोवळीनं ते उलटं केलं, उजेडात धरलं, शिवण ओढून पाहिली, गालाला लावून पाहिलं. सायीसारखं मऊ होतं. "हे," ती म्हणाली.

"चार लेकरं वाढली यात. दोन पैसं व्हतील."

पोवळीनं पुन्हा पाहिलं. "मावशी, याचा एक बंद तुटलाय. तो मी लावीन. एक पैसा घ्या."

कंकू इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली. "शिकलीस! दे."

मग पोवळी धावत सुटली. सुईणीनं झबलं बाळाच्या अंगात घातलं, वरून शेकलं. बाळानं एक मोठा श्वास सोडला, दूध प्यायलं आणि झोपलं. राणी रडली. राजा झबल्याकडे बघत बसला.

पोवळीनं आपली सोललेली बोटं त्याच्यापुढे धरली. म्हणाली, "बाबा, हे झबलं मी दीड दिवसाला घेतलंय. तुम्ही किती माणसांचे किती दिवस जाळलेत, सांगा."

राजा कसं सांगणार? त्यानं कधी मोजलंच नव्हतं.

मग राजानं दवंडी मागे घेतली. खजिना उघडून ज्याची शेळी गेली त्याला शेळी दिली, ज्याची भांडी गेली त्याला भांडी दिली. कंकूच्या नातीला वैद्य दिला. आणि आपले न घातलेले सगळे अंगरखे पाठीवर घेऊन बोहारणीच्या दारात जाऊन उभा राहिला. कंकूनं ते उलटसुलट पाहिले आणि एक वाटी दिली. छोटी. राजा म्हणाला, "एवढ्याला एवढीच?" कंकू म्हणाली, "जरीची तार टोचती, महाराज. गिऱ्हाईक न्हाई." राजानं वाटी घेतली आणि मुकाट घरी गेला. त्या दिवसापासून राज्यातलं कापड पुन्हा मऊ व्हायला लागलं.

झाली गोष्ट. चिनू झोपला वाटतं. रेवा, तू झोपली नाहीस, मला माहीत आहे. ऐक.

तू "शी" म्हणालीस ना, तेव्हा त्या बाईनं तो जांभळा फ्रॉक झटकला, पुन्हा घडी घातली आणि ढिगात ठेवला. मला तिच्याकडे बघवेना. मी तुझी आजी आहे, मला लाज वाटली.

तुला पहिलं झबलं कुणाचं घातलं होतं, माहीत आहे? आपल्या गल्लीतल्या शकिलाच्या नातवाचं. त्याच्याआधी ते त्याच्या दोन बहिणींनी घातलं होतं. मी स्वतः मागून आणलं, दोन्ही हात पुढे करून. तेव्हा तू शी म्हणाली नाहीस. गाल टेकवलास आणि झोपलीस.

उद्या सकाळी माझ्या शिवणाची बटणं तू लावायचीस. एका बटणाचे दोन रुपये. फ्रॉक साठ रुपयांचा आहे, हिशोब तूच कर. पैसे जमले की आपण परत जाऊ. तो उलटा करायचा, उजेडात धरायचा, शिवण बघायची. घासाघीस करायची असेल तर कर, पण आधी त्या बाईला मावशी म्हणायचं.

रडतेस? रड थोडं. ये इकडे. हे पांघरूण ओढ, माझ्या लुगड्याचं आहे, मऊ आहे. बाळ तिकडे झोपलं, पोवळी झोपली, कंकूची नात खोकायची थांबली. आता तूही झोप. माझा राग जाईल सकाळपर्यंत.