पालथं गलबत

नाही हो, चुकून उलटं टांगलेलं नाही ते. येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. देवीसमोर तुळईला लटकलेलं हे हातभर लांबीचं गलबत फणसाच्या लाकडाचं आहे. डोलकाठ्या खाली, बूड वर. नीट बघा, काठावरची एक फळी वेगळ्या रंगाची दिसेल. सगळा घात तसल्याच एका फळीनं केला.

गलबतं बांधणाऱ्या दादू मेस्तानं ते घडवलं, असं सांगतात. त्याच्या हातचं गलबत म्हणजे डोळे मिटून बसावं! पण रीत कडक. आधी असा नमुना करायचा, त्यात खडे भरून तो देवळाच्या तळीत सोडायचा, तरला तर त्याच मापानं मोठं गलबत बांधायचं. नमुना तरला, गलबत उभं राहिलं. त्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या म्हणून जाणार होता दादूचा जावई हरबा.

पाण्यात लोटायला चार दिवस उरले आणि मालक नरशेट आला. "मेस्तांनू, वायच एक फळी चढवा. दोन खेपांचो माल एका खेपेत जातलो."

खरं तर फळी आधी नमुन्याला लावून बघायची. पण दादूला वाटलं, एवढी वर्षं हेच करतोय, एका फळीनं काय होणार? घमेंड, दुसरं काय! त्यानं सरळ गलबताला फळी ठोकली.

लेक आवडी जेवण घेऊन आली. वाढलेला काठ तिनं पाहिला. "बाबा, तळीत सोडून बघितलंस?"

"होय गो चेडवा," दादू म्हणाला. तिच्याकडे न बघता म्हणाला, म्हणे. लेकीनं विश्वास ठेवला आणि नवऱ्याला हसून निरोप दिला.

काठोकाठ कौलं भरली होती. खाडीच्या तोंडाशी वारा आडवा आला आणि गलबत कललं ते सावरलंच नाही. सगळा गाव किनाऱ्यावरून बघत होता. अकरा माणसं गेली. हरबा तर सापडलाही नाही.

तेराव्याला दादूनं नमुन्याला तशीच फळी ठोकली, खडे भरले आणि सगळ्यांदेखत तळीत सोडला. नमुना क्षणात पालथा झाला. आवडी पायरीवर उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "आता बघितलंस?"

नमुना तिनंच उचलला आणि होता तसा पालथा इथं टांगला. पुढं दादू वीस वर्षं जगला. आवडी त्याला दोन वेळ जेवण वाढायची, पण बापाशी पुन्हा एक शब्द बोलली नाही. नरशेटाचं म्हणाल, तर त्यानं पुढच्याच वर्षी नवं गलबत बांधलं.

आजही इथं होडी पाण्यात लोटण्याआधी खलाशांच्या बायका मेस्ताला अडवून विचारतात, "तळीत सोडून बघितलंस?" तोंडानं 'होय' म्हटलेलं कुणी ऐकून घेत नाही. मेस्तानं ओले हात पुढे करायचे. बायका ते चाचपून बघतात आणि मगच वाट सोडतात.