चार मांडवांची जोडी

फार फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलत असत. फार नाही हं, वर्षाकाठी एखादं वाक्य. पण बोलले की खरं तेच बोलत. लहानांनो, पुढे सरका. मोठ्यांनो, तुम्हीही कान द्या, कारण या गोष्टीतली चूक लहान मुलं सहसा करत नाहीत.

एका राज्यात एक भलंमोठं गोल तळं होतं आणि तळ्याच्या काठाने मातीचा रुंद रस्ता. दरवर्षी चैत्रात त्या रस्त्यावर छकड्यांची शर्यत होई. छकडा म्हणजे दोन चाकांची हलकी गाडी. पुढे दोन बैल, वर एक गाडीवान. तळ्याला तीन फेरे घालायचे, आणि गाडीवानाचा पाय जमिनीला लागला की तो बाद. नियम एवढेच. पण त्या एका दिवसासाठी सगळं राज्य वेडं होई. सुतार रंधा टाकून येत, न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी ठेवून येत, आणि ते गिऱ्हाईकही तसंच अर्ध्या दाढीने धावत येई.

आता बैल पळवायचे तर त्यांना खाऊ घालायला हवं. नुसत्या कडब्यावर कोण किती पळणार? म्हणून त्या राज्यात आश्रयाची चाल होती. व्यापारी गाडीवानाच्या जोडीला खुराक पुरवत, आणि बदल्यात बैलांच्या पाठीवर त्या व्यापाऱ्याच्या रंगाची झूल चढे. जोडी जिंकली की व्यापाऱ्याचं नाव घरोघर. व्यापारी काही खुळे नव्हते. लोकांना आवडणाऱ्या गाडीवानालाच ते आश्रय देत. लोकांना आवडे जिंकणारा. आणि जिंके तो, ज्याचे बैल पोटभर खाऊन आलेले. म्हणजे त्या तळ्यासारखाच हा प्रकारही गोल होता. नवख्याने आत शिरायचं कुठून?

सुभाना हा असाच एक नवखा गाडीवान. त्याच्याकडे हरण्या आणि तांब्या अशी खोंडांची जोडी होती. त्याच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, ती लहानपणापासून वाढवली होती. गाय गेली तेव्हा दोघा वासरांना तिने बोटाने दूध चाटवलं होतं. जोडी चपळ होती, पण बरगड्या मोजून घ्याव्यात अशी.

सुभानाने दहा दारं झिजवली. शेवटी तेलाचा व्यापारी म्हणाला, "पेंड देतो. हवी तेवढी. पण माझी अट ऐक. लागोपाठ तीन चैत्र जिंकलास तर जोडी तुझी तुला लखलाभ. मधे एकदा जरी हरलास, तर जोडी माझ्या घाण्याला."

घाण्याला! जन्मभर एकाच जागी गरगर फिरायचं. पण बैलांच्या बरगड्यांकडे पाहून त्याने मान डोलावली. घरी येऊन अक्काला सांगितलं तेव्हा तिने दोघा बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आता हरायचं नाही, बाबा."

आणि काय सांगू! पेंड पोटात गेली आणि जोडी अशी काही फुलली की पहिल्याच चैत्रात सगळ्यांना मागे टाकून आली. लोकांनी बोटं तोंडात घातली. दुसऱ्या चैत्रात तर अर्धं तळं पुढे! सुभानाला खांद्यावर घेऊन नाचवलं लोकांनी. बाया पाळण्यातल्या पोरांना हरण्या-तांब्याच्या गोष्टी सांगू लागल्या. बाजारात कोणी भरभर चालला तरी लोक विचारत, "काय रे, सुभानाची पेंड खाल्लीस का?"

मग व्यापाऱ्यांची रीघ लागली. कापडवाला आला, गूळवाला आला, तांब्या-पितळेची भांडी विकणारा आला. प्रत्येकाची झूल बैलांच्या पाठीवर चढली. एकावर एक चार झुली! आणि प्रत्येकाने तळ्याच्या काठावर आपापला मांडव घातला. कारण शर्यत वर्षातून एकदा, पण सराव रोज. आणि रोज संध्याकाळी सुभानाची जोडी बघायला शे-दोनशे माणसं जमत. एवढी माणसं फुकट मिळत असताना कोणता व्यापारी घरी बसेल?

पहिल्या दिवशी गूळवाला म्हणाला, "सुभानराव, जरा आमच्या मांडवापुढे थांबवा की जोडी. लोकांना दिसू दे कोणाच्या गुळावर पळते ती." सुभानाने थांबवली. गूळवाल्याने आपल्या हाताने बैलांना गुळाचा खडा भरवला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

दुसऱ्या दिवशी बाकीचे तिघे रुसले. मग त्यांच्याही मांडवापुढे थांबणं आलं, आणि तिथेही गूळ आला. चार मांडव, चार थांबे, चार खडे. सुभाना प्रत्येक थांब्यावर छकड्यात उभा राहून पागोटं हलवी आणि लोक त्याच्या नावाचा जयघोष करत. खरं सांगायचं तर त्याला ते फार आवडू लागलं होतं. सरावाची फेरी संपली की त्याला चुकल्यासारखं होई.

अक्का एकदा सराव बघायला आली आणि कपाळाला आठ्या घालूनच घरी परतली.

"सुभाना, तू बैलांना काय शिकवतोयस ते तुला कळतंय का?"

"अक्का, लोक केवढ्या लांबून येतात गं. त्यांचं मन नको राखायला?"

"लोक शर्यतीलाही येतीलच. आज माझे बैल पळू देत."

"पळतायत की! सगळ्यात पुढे पळतायत."

"मांडवापर्यंत पळतायत," अक्का म्हणाली.

सुभाना हसला. चिडला नाही, नुसता हसला. डोक्यात हवा गेलेला माणूस चिडतही नाही बघा, त्याला सगळ्यांची कीव येते.

तिसरा चैत्र उगवला. तळ्याभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. त्या वर्षी सुभानासमोर उतरायला दुसरं कोणी धजलं नव्हतं. समोर उभा होता एकटा केरबा, डोंगरापलीकडच्या गावचा पांढऱ्या मिशांचा गाडीवान. बैल ठेंगणे, पाठीवर ना झूल ना झालर. त्याला आश्रय द्यायला कोणीच पुढे आलं नव्हतं. लोकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, "सुभाना! सुभाना!"

नगारा झडला. सुटले छकडे!

हरण्या-तांब्या असे निघाले की पहिल्या वळणाआधीच केरबा वीस हात मागे. धूळ, आरोळ्या, चाकांचा खडखडाट! सुभानाच्या अंगावर काटा आला. आणि तेवढ्यात आला तेलवाल्याचा मांडव.

बैल थांबले.

ठेचकाळले नाहीत, बिचकले नाहीत. रोजच्या जागी रोजच्यासारखे शहाण्यागत थांबले आणि त्यांनी माना वळवून मांडवाकडे तोंड केलं. लोकांना वाटलं, व्वा! भर शर्यतीत मान देतोय! टाळ्यांचा पाऊस पडला. सुभानाला मात्र घाम फुटला. त्याने कासरा हिसडला, ओरडला, विनवण्या केल्या. शेवटी तेलवाल्याने घाईघाईने दोन खडे भरवले तेव्हा कुठे जोडी हलली. तोवर केरबा शेजारून खडखडत निघून गेला होता.

काय जोडी होती ती! पुन्हा झेपावली, केरबाला गाठलं, मागे टाकलं, आणि कापडवाल्याच्या मांडवापुढे उभी राहिली. पुन्हा झेप, पुन्हा गूळवाला. पुन्हा झेप, पुन्हा भांडीवाला. दुसऱ्या फेऱ्यातही तेच. व्यापाऱ्यांची तर गंमतच झाली. "अरे, पळव! पळव!" असं ओरडत तेच हातात गूळ घेऊन पुढे येत, कारण भरवल्याशिवाय बैल हलत नाहीत आणि भरवला की बैलांची खात्री पटते की आज थांबायचंच आहे. टाळ्या हळूहळू विरल्या. त्यांच्या जागी हसू आलं. केरबा शांतपणे आपल्या ठेंगण्या बैलांना हाकत राहिला आणि तिसरा फेरा सुरू झाला तेव्हा तो तळ्याचा चांगला चौथा हिस्सा पुढे होता.

तिसऱ्या फेऱ्यात तेलवाल्याच्या मांडवापुढे जोडी पुन्हा थांबली. सुभाना रडवेला झाला. "पळ रे हरण्या! आज हरलो तर तुम्हाला घाण्याला जुंपतील रे!"

तेव्हा हरण्याने मान वळवली आणि त्या वर्षातलं आपलं एकुलतं एक वाक्य तो बोलला.

"रोज तूच थांबवतोस आणि आज तूच ओरडतोस, मग आम्ही कोणत्या सुभानाचं ऐकायचं?"

बैलांचं काय चुकलं होतं? ते त्याने शिकवलेलंच तर करत होते, आणि किती इमानाने! त्याला लाज वाटली, खरीखुरी लाज, कानापर्यंत तापवणारी. समोर तेलवाला गूळ घेऊन उभा होता. त्याला पाहून सुभानाला घाणा आठवला, आणि घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवरची झापड आठवली.

तो छकड्याच्या दांडीवरून तोल सावरत पुढे सरकला. पाय जमिनीला लावायचा नव्हता. जुवापाशी पोचला आणि त्याने तेलवाल्याची रेशमी झूल दोन्ही हातांनी धरून टरकन फाडली. कापडवाल्याची फाडली, भांडीवाल्याची फाडली. एक पट्टी हरण्याच्या डोळ्यांवर, एक तांब्याच्या. उरलेल्या चिंध्या आणि गूळवाल्याची झूल त्याने रस्त्यावर भिरकावून दिली.

असं त्या राज्यात कधी कोणी केलं नव्हतं! भर शर्यतीत आश्रयदात्याची झूल पायदळी! तळ्याभोवतीची हजारो तोंडं उघडीच राहिली आणि एकाही तोंडातून आवाज फुटेना. त्या शांततेत सुभाना बैलांच्या कानाशी वाकून म्हणाला, "माझंच ऐका. याच सुभानाचं." मग तो मागे आला, कासरा घेतला आणि आरोळी दिली, "हाऽऽ, हरण्या! हाऽऽ, तांब्या!"

आणि बैल सुटले! दिसत काही नव्हतं. पुढे रस्ता आहे की तळं, हेही कळत नव्हतं. होता तो फक्त एक ओळखीचा आवाज, आणि तेवढ्या भरवशावर ते उधळले. वळण आलं की सुभाना हाक देई, बैल वळत. कापडवाल्याचा मांडव मागे पडला. केरबाची पाठ दिसू लागली. लोक ओरडायचं विसरून पायाच्या बोटांवर उभे होते.

मग आला गूळवाल्याचा मांडव. डोळे बांधता येतात, नाक कसं बांधणार? अख्ख्या ढेपांचा तो वास! तांब्याच्या नाकपुड्या फुलल्या, पाय अडखळला, छकडा मांडवाकडे झुकला. गूळवाल्याने गुळाचा हात पाठीमागे लपवला, चोरी पकडली गेल्यासारखा. "तांब्या!" सुभाना जिवाच्या आकांताने ओरडला. "तांब्या, इकडे! माझ्याकडे!"

तांब्याने एक श्वास घेतला, आणि दुसरा घ्यायच्या आत तो पुन्हा रस्त्याला लागला होता!

शेवटचा मांडव कधी गेला ते सुभानाला समजलंही नाही. केरबाचं चाक आणि त्याचं चाक शेजारी आलं. केरबाने मिशांतून हसून आपल्या बैलांना शीळ घातली. चार बैल, समोर शेवटची रेघ, आणि वीतभर अंतर. हरण्याचं शिंग पुढे होतं.

आता तुम्ही म्हणाल, लोकांनी सुभानाला पुन्हा डोक्यावर घेतलं असेल. नाही घेतलं. लोकांना वाटलं, माणूस उर्मट झाला. कापडवाला, गूळवाला आणि भांडीवाला तिथल्या तिथे केरबाकडे गेले आणि त्याच्या बैलांना गूळ भरवू लागले. लोकही त्यांच्या मागे गेले.

अक्का मात्र गर्दीतून वाट काढत आली. तिने बैलांच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या सोडल्या आणि दोघांच्या गळ्यात हात टाकून ती हमसून हमसून रडली. सुभानाही रडला. एवढ्या माणसांत आपण रडतोय याची त्याला शुद्ध नव्हती.

तेलवाला तावातावाने आला. फाटलेल्या झुलीकडे त्याने पाहिलं, बैलांकडे पाहिलं. पण तो शब्दाचा पक्का होता. "तीन चैत्र झाले. जोडी तुझी," तो म्हणाला. मग घसा खाकरून म्हणाला, "पेंड मात्र लागेलच की तुला."

"लागेल, मालक," सुभाना म्हणाला. "नवी झूलही घालीन, मानाने घालीन. शर्यत जिंकलो तर तुमच्या दारात जोडी घेऊन येईन, तेव्हा पोतंभर गूळ चारा. पण सरावाला तळ्यावर मांडव नको. तिथे जोडीने कोणाचं ऐकायचं, हे एकदा ठरलं की ठरलं."

तेलवाल्याने दुसऱ्याच दिवशी गड्यांना सांगून तळ्यावरचा आपला मांडव उतरवला. पुढे सुभाना काही शर्यती जिंकला, काही हरला. पण त्याची जोडी रेघ ओलांडेपर्यंत पुन्हा कधी थांबली नाही.

म्हणून सांगतो: आधार देणाऱ्याचा मान जरूर ठेवावा, टाळ्यांचा आनंदही घ्यावा, पण आपला कासरा कोणाच्या हाती देऊ नये.