तेल लावलेले गज

एका संस्थानात एक संगीतशाळा होती आणि त्या शाळेत एक बुवा होते. शाळा व्हायोलिनची. बुवांचं नाव भार्गवबुवा. मुलं रोज सकाळी त्यांच्या पाया पडत आणि ते सांगतील त्यावर ‘जी बुवा’ म्हणत. दुसरं काही म्हणायची तिथे पद्धतच नव्हती. गावातली मोठी माणसं या पद्धतीला संस्कार म्हणत.

एकदा राजधानीचा नामांकित वाद्यवृंद संस्थानात आला. त्याच्या नायकाची एक रीत होती. जाईल त्या गावच्या शिकाऊ मुलांना तो आपल्या वादकांमध्ये बसवी. एक वादक, एक मूल, पुन्हा एक वादक. आणि निघताना एखादं मूल कानात भरलं, तर त्याला शिकवायला बरोबर नेई.

शाळेत सुगंधा नावाची मुलगी होती. तिचं लग्न ठरत आलं होतं. बापाने सांगून टाकलं होतं, “त्यांनी निवडली तर जा. नाहीतर व्हायोलिन माळ्यावर आणि तू बोहल्यावर.”

तालमीत मुलं चुकली. दोघं बेसूर झाले, एक सगळ्यांच्या आधीच सुरू झाला. नायक हसला. म्हणाला, “चुकू द्या. माझेही चुकतात, फक्त त्यांना लपवता येतं.” सुगंधाच्या शेजारी एक म्हातारा वादक बसला होता. तिने शेवटचा सूर इतक्या सावकाश सोडला की तो तिच्याकडे वळला. “पोरी, हे मला कुणी शिकवलं नाही. उद्या अस्संच सोड.”

सुगंधा त्या दिवशी घरी चालत गेली नाही, पळत गेली.

बुवा मात्र लाजेने काळेठिक्कर पडले. उद्या समोर खुद्द संस्थानचे सरकार बसणार, आणि आपली पोरं बेसूर!

कार्यक्रमाआधी त्यांनी मुलांना ओळीत उभं केलं आणि पुढ्यात खोबरेल तेलाची वाटी ठेवली. व्हायोलिनच्या गजाला घोड्याचे केस असतात. त्यांना राळ घासली की ते तारेला धरतात आणि सूर निघतो. तेल लावलं की नुसते घसरतात. मग कितीही घासा, आवाज नाही.

“सगळ्यांनी गजाला तेल लावा,” बुवा म्हणाले. “हात त्यांच्यासारखे हलवा. वाजवायचं ते बघतील.”

“जी बुवा.”

सुगंधाने विचारलं, “बुवा, मग आम्ही बसायचं कशाला?”

“शोभेला! आणि गुरूला प्रश्न विचारायचा नसतो. मी माझ्या गुरूंना जन्मात एक प्रश्न विचारला नाही.”

ते दिसतच होतं.

सुगंधाची आई तिच्या केसांत वेणी माळायला आली होती. ती कुजबुजली, “ऐक गं बाई. मोठी माणसं आहेत. काही विचार करूनच सांगत असतील.”

विचार बुवांनी केलाच होता. स्वतःचा.

सुगंधाने वाटीत बोटं बुडवली.

कार्यक्रम रंगला. पडवीपर्यंत माणसं बसली होती. आणि ऐन भरात नायकाने डावा हात उचलून आपले सगळे वादक थांबवले. पुढची ओळ एकट्या मुलांनी वाजवायची. हा मान तो प्रत्येक गावी मुलांना देई आणि आधी कधी सांगत नसे.

मुलं थांबली नाहीत. थांबा म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं ना! सगळे गज एकदम वर गेले, एकदम खाली आले. सूर एकही निघाला नाही. शेवटी सुगंधाचा हात त्याच सावकाशीने थांबला. म्हातारा वादक त्या हाताकडे बघत राहिला. ऐकायला काही नव्हतं.

“वा! काय हळुवार!” पहिल्या रांगेतून सरकार म्हणाले. मग ती अख्खी रांग माना डोलवू लागली.

नायक खाली आला. त्याने सुगंधाच्या गजावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. “हे काय, बुवा?”

बुवा क्षणभरही अडखळले नाहीत. “पोरं आहेत साहेब! डोक्याला तेल चोपडतात आणि त्याच हातांनी गज धरतात. सांगून सांगून जीभ झिजली माझी.”

मुलांनी माना खाली घातल्या. एकटी सुगंधा उठली. “बुवा, वाटी तुम्ही ठेवलीत.”

“बस खाली!” तिचा बाप गर्दीतून ओरडला. “चारचौघांत गुरूला उलट बोलतेस?”

म्हाताऱ्या वादकाने झटकन आपला गज तिच्यापुढे धरला. “बोलू नकोस. वाजव. एकच ओळ.”

तिने हात पुढे केला. तोवर बापाने तिचा दंड पकडला होता. गज म्हाताऱ्याच्या हातातच राहिला.

त्या गावातून नायकाने कुणालाच नेलं नाही. “नेऊ कुणाला?” तो म्हणाला. “तालमीत सगळे मिळून वाजवत होते. एकेकट्याला असं मी इथे कुणाला ऐकलंच नाही.”

सरकारांनी मात्र मुलांना लावलेल्या शिस्तीबद्दल भार्गवबुवांना शाल आणि नारळ दिला. बरं झालं. शाळेतलं तेल संपत आलं होतं.

सुगंधाचं व्हायोलिन माळ्यावर गेलं. ती बोहल्यावर उभी राहिली तेव्हा अक्षता टाकायला बुवा पहिल्या रांगेत होते.

पुढे आणखी एक मोठा वाद्यवृंद संस्थानात आला. त्या वेळी बुवांना काही सांगावंच लागलं नाही. तेलाची वाटी मुलांनी स्वतःच आणून ठेवली.

तात्पर्य: ज्या वडीलधाऱ्यांना पोरांच्या चुकांची लाज वाटते, ते आधी पोरांचा आवाज बंद करतात आणि मग पोरं मुकी निघाली म्हणून त्यांनाच बोल लावतात. अशांच्या पाया पडायचंच असेल तर पडा, पण त्यांच्या सांगण्यावरून आपल्या गजाला तेल लावू नका.