चैतीचा डोंगा

चैतीचं कोणी ऐकलं नाही. हे आधीच सांगते, कारण आमचे लोक गोष्ट पुरापासून सुरू करतात आणि तिचं ऐकलं नाही ते सोयीने गिळून टाकतात.

पणज्यांच्याही आधीचा काळ. नदीकाठच्या केसलटोल्यात चैती ढिवरीण राहायची. तिचा डोंगा मोहाच्या अख्ख्या बुंध्यातून कोरलेला, कुठे जोड नाही की खिळा नाही. ती वल्हं मारायची तर पाण्याला कळतही नसे, असं म्हणतात.

चैत्र लागला की ती डोंग्यात दगड भरायची आणि तो डोहात बुडवून ठेवायची. कोरलेलं लाकूड उन्हात तडकतं, पाण्याखाली शाबूत राहतं. ढिवराच्या लेकराला हे चालता येण्याआधी कळतं.

मालगुजार हरबाजीला कळलं नाही. त्याच्याकडे पाहुणे यायचे होते. "गावात एक धड डोंगा नाही म्हणतील," म्हणाला, आणि चैती माहेरी गेलेली असताना चार गडी लावून डोंगा वर ओढला. पंधरा दिवस वैशाखाच्या उन्हात वाळवला. वरून जवसाचं तेल. आरशासारखा चमकला मेला.

चैती आली. तिने डोंग्याला कान लावला, बोटाने टकटक केलं.

"हा पोटातून तडकला, मालक."

"आमच्या डोळ्याला दिसत नाही, ते तुझ्या कानाला दिसते काय वो?"

सगळा गाव हसला.

आखाडात पलीकडे धानाच्या रोवणीला गेलेल्या वीस बायका पुरात अडकल्या. पाणी बांध्यांवर चढत होतं. डोंगा एकच. चैती क्षणभर थांबली, तर हरबाजी म्हणाला, "भ्याली ढिवरीण!"

"तुमच्या तोंडासाठी नाही जात. बाया माझ्या आहेत," ती म्हणाली, आणि डोंगा लोटला.

पाच-पाच करून तिने बायका आणल्या. चौथ्या खेपेला, ऐन मधोमध, डोंगा कण्हला. तळाला उभी चीर गेली.

"हलू नका गं बायांनो."

तिने पदर चिरेत कोंबला आणि वर मांडी ठोकून बसली. नदीने त्या पदराचा मान ठेवला, असं म्हणतात. चीर हातभर उघडली, खालून जाणारे मासे दिसले, पण थेंब आत आला नाही. शेवटची बाई काठावर उतरली आणि डोंग्याच्या दोन फाका झाल्या. दोन्हींवर एकेक पाय ठेवून चैती उभी राहिली, हातात वल्हं, आणि पूर तिला घेऊन गेला. पडताना तिला कोणीच पाहिलं नाही.

हरबाजी म्हणाला, "पाण्यात ठेवून ठेवून तिनंच डोंगा कुजवला." गावानेही तेच म्हटलं. त्या वीसजणींनीही. लाज वाटते सांगायला.

पुढच्या उन्हाळ्यात डोह आटला, तर तळाशी दोन्ही फाका, शेजारी निजवल्यासारख्या. त्या वीसजणींतली एक बाई खाली उतरली. तिने तुटलेली कड नखाने खरवडली. लांबच लांब राळ निघाली. चीर आधीच कोणी पाहिली होती, बुजवली होती, वरून तेल फासलं होतं.

"लाकूड कुजलं, तर राळ कशाला भरली?" तिने विचारलं. राळ गावात एकाच घरी असायची, मालगुजाराच्या.

आजही चैत्रात आम्ही डोंगे बुडवतो, घरटी एक दगड चैतीच्या नावाचा. आखाडात डोंगा वर आला की आधी एक बाई त्याला कान लावते. ती मान डोलावेपर्यंत कोणी पाय ठेवत नाही. मग ती विचारते, "डोंगा उन्हात कोणी घातला?" काठावर उभा सगळा गाव उत्तर देतो. मालगुजाराची खापरपणतवंडंही त्यात असतात, आणि त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा:

"हरबाजीनं!"